उद्योजकता वर्गांत शिकवितां येईल काय ?



महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना नवा उद्योग काढण्याचें शिक्षण द्यावें, असें हल्लीं जो तो म्हणतो. मी स्वतः असा एक वर्ग घेत असल्यामुळें या म्हणण्याला विरोध करण्याचें मला कारण नाहीं. परंतु शिकवावयाचें म्हणजे नेमकें काय, या प्रश्नाशीं मी अनेक वर्षें अडखळत आलों आहें.

कल्पना तशी फार जुनी नव्हे. १९४७ सालीं अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत मायल्स मेस यांनीं नव्या उद्योगांच्या उभारणीवर वर्ग सुरू केला, तेव्हां १८८ विद्यार्थ्यांनीं नांवें नोंदविलीं. पुढें १९६४ सालीं डेव्हिड मॅक्लेलंड या मानसशास्त्रज्ञांनीं आंध्रांतील काकिनाडा येथील व्यावसायिकांवर प्रयोग केला. कर्तृत्वाची ओढ शिक्षणानें वाढवितां येते, असें त्यांचें म्हणणें. आणि शिकलेले लोक न शिकलेल्यांपेक्षां अधिक हालचाल करूं लागले, हेंही खरें. पण ते मुळांतच व्यवसायांत मुरलेले होते ! ज्यानें जन्मांत उत्तरपत्रिकेखेरीज कांहीं निर्माण केलेलें नाहीं, त्या आमच्या विद्यार्थ्याची गोष्ट निराळी.

मला नेहमीं लक्ष्मणराव किर्लोस्कर आठवतात. चित्रकार होण्यासाठीं ते मुंबईस आले. रंग ओळखण्यांत दृष्टिदोष आढळला, म्हणून यंत्रांच्या रेखाचित्रांकडे वळले, आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्यें तोच विषय शिकवूं लागले. ती नोकरी सोडून त्यांनीं बेळगांवांत सायकलींचा धंदा मांडला. मग कडबा कापण्याचीं यंत्रें, मग लोखंडी नांगर. नांगर उत्तम होता. परंतु लोखंडानें जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यानें तो कोणी घेईना. १९१० सालीं औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, ती असे दिवस काढल्यानंतर. रेखाचित्र शिकविणाऱ्या त्या शिक्षकाला शेतकऱ्याचें मन मात्र शेताच्या बांधावर जाऊनच शिकावें लागलें.

तेव्हां मींही माझ्या विद्यार्थ्यांना मंडईंत धाडलें. चौघांनीं पालेभाजी ताजी ठेवण्यासाठीं दुहेरी भिंतीची, मध्यें ओली वाळू भरलेली एक पेटी केली. पेटींत खरोखर गारवा राहत असे. पण भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, ‘‘पोरांनो, मला बसायला जागा चार फूट. ही ठेवूं कुठं ? आणि संध्याकाळीं मी भाव उतरवते. भाजी उरते कुठं?’’

तिघे हिरमुसले आणि त्यांनीं एक सुबक अहवाल लिहून दिला. चौथा दुसऱ्या दिवशीं पहाटे चारलाच मावशींजवळ जाऊन बसला. त्याच्या ध्यानांत आलें कीं, नुकसान दुकानांत होतच नाहीं. मेथी-कोथिंबिरीच्या तळच्या जुड्या गाडींतच भाराखालीं दबून, तापून, पिवळ्या पडून येतात. पण त्याचा अहवाल अपुरा राहिला. गुणपत्रकांत ‘पहाटे उठला’ असा रकाना नसतो. मीं त्याला तिघांपेक्षां कमी गुण दिले. नियमानें तें बरोबर होतें, आणि तें मला आजही बोंचतें.

पुढें त्याचे वडील माझ्याकडे आले. निवृत्त कारकून, घरांत लग्नाची मुलगी. ‘‘प्रोफेसरसाहेब, मुलगा नोकरी नको म्हणतो. हें आपण शिकविलेंत. पेटी विकली गेली नाहीं, तर आमच्या घरचा किराणा कोण भरणार ?’’ या प्रश्नाला माझ्या पाठ्यक्रमांत उत्तर नव्हतें. धाडसाचे धडे देणाऱ्याचा पगार महिन्याच्या महिन्याला होत असतो, हें मला त्या क्षणीं फार जाणवलें. मीं मुलाला समोर बसवून सांगितलें कीं, दोन वर्षें भाजी वाहणाऱ्या एखाद्या कंत्राटदाराकडे नोकरी धर, घरीं पैसे दे, आणि पेटीचें काम रविवारीं कर. हा सल्ला भित्रेपणाचा होता, असें माझ्या एका सहकाऱ्याचें मत आहे. असेलही.

मुलानें तो मानला. आतां त्याची पेटी गारवा देणारी नाहीं; एकीवर एक रचली तरी भार खालच्या जुड्यांवर येऊं नये, एवढेंच ती करते. गेल्या महिन्यांत त्यानें तिचा तिसरा नमुना मला आणून दाखविला. ‘‘मावशींना दाखविलास का ?’’ असें मीं विचारलें.

‘‘दाखवला ना,’’ तो म्हणाला, ‘‘चार बोटं उंची कमी करायला त्यांनींच सांगितलं.’’