क्षयाच्या रोग्याला घरचीच साथ



आज आम्ही क्षयरोगाविषयी चार गोष्टी सांगणार आहोत. आम्ही डॉक्टर नाही. जन्मभर शाळेत मुलं शिकवली, एवढंच. पण या रोगाने आम्हालाही एक धडा दिला. तो फार महाग पडला, म्हणून सांगतो.

आमच्या धाकट्या भावाला खोकला लागला. तीन आठवडे झाले तरी हटेना. संध्याकाळी बारीक ताप येई. अंग वाळत चाललं. आम्ही म्हणालो, बांबू तोडून थकला असेल. पुढे थुंकी तपासली, तेव्हा क्षय निघाला. सरकारी दवाखान्यातून गोळ्या फुकट मिळाल्या.

आणि आम्ही शिकलेल्या माणसाने काय केलं? त्याची खाट गोठ्यात टाकली. भाताचं ताट दुरूनच सरकवलं.

दोन महिन्यांत खोकला थांबला. भूक लागू लागली. तेवढ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम आला. गोळ्या टाकून तो पानं तोडायला जंगलात गेला. कोणी विचारलं नाही. गोठ्यात डोकावणार कोण? पावसाळ्यात रोग उलटला. या खेपेला नेहमीच्या गोळ्या लागू पडल्या नाहीत. माघ महिन्यात तो गेला.

असं का झालं? क्षय हा शाप नव्हे, करणी नव्हे. तो जंतूंमुळे होतो. १८८२ साली जर्मनीत रॉबर्ट कॉख यांनी हे दाखवून दिलं. गोळ्यांनी आधी पुष्कळ जंतू मरतात, म्हणून बरं वाटतं. पण काही चिवट जंतू दडून बसतात. बांधीतलं निंदण अर्धवट सोडलं तर गवत पुन्हा माजतं ना? तसंच हे. म्हणून साध्या क्षयाचं औषध बहुधा सहा महिने असतं. डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत एकही दिवस चुकवू नये.

आता गोठ्याची गोष्ट. १९५६ साली मद्रासला डॉक्टरांनी एक प्रयोग सुरू केला. काही रोगी इस्पितळात ठेवले. काहींना घरीच औषध दिलं. घरी गरिबी, दाटीवाटी, खायला कमी. तरी १९५९ साली असं दिसलं, की घरचे रोगीही जवळजवळ तितकेच बरे झाले. त्यांच्या घरच्यांना रोग जास्त लागला, असंही नाही. मग रोग्याला गोठा कशाला?

दोन वर्षांनी भावजयीला खोकला लागला. आता आम्ही शहाणे झालो होतो. पुजाऱ्याचा मान राखला, पण थुंकी आधी तपासली. तिची खाट पडवीत, वाऱ्या-उजेडाच्या जागी ठेवली. हा रोग ताट-वाटीतून लागत नाही. खोकताना हवेतून लागतो. म्हणून ती तोंडावर पदर धरी आणि झाकणाच्या डब्यात थुंके. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली. लहान मुलांना रोग होऊ नये म्हणून औषध मिळालं.

गोळ्यांनी लघवी लालसर होते. त्याला भिऊ नका. पण डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, तर लगेच दवाखाना गाठा. मोहाची दारू आणि बिडी सोडा. भाताबरोबर डाळ, अंडी, मासोळी द्या. खाण्यासाठी सरकार पैसे देतं. २०२४ च्या नोव्हेंबरपासून ही रक्कम महिना १,००० रुपये झाली. आशाताईंना विचारून नाव नोंदवा.

आपल्याकडे पावसाळ्यात नाल्यांना पूर येतो, वाट बंद होते. म्हणून गोळ्या आधीच मागून ठेवा. कामाला दुसऱ्या गावी जायचं असेल, तर दवाखान्यात सांगून जा. तिथेही औषध मिळतं.

भावजय रोज गोळी घेई आणि कॅलेंडरवर स्वतः खूण करी. तिला अक्षरओळख नव्हती. खुणा करता करता ती आकडे ओळखू लागली. आज ती धानाच्या रोवणीला जाते.

भावाला आम्ही ताट दिलं, पण साथ दिली नाही. तुमच्या घरी तसं होऊ देऊ नका. रोग्याजवळ बसा आणि रोज एकच विचारा, "आजची गोळी घेतली का?"