मौजा वाडी, माणसं किती?



अमरावती रोडवरच्या वाडीत प्लॉट घ्या की फ्लॅट, कागदावर 'मौजा वाडी, तहसील नागपूर ग्रामीण' असंच लिहून येतं. बाहेर पाहावं तर ट्रकांच्या रांगा, ट्रान्सपोर्टची गोदामं, जवळच अंबाझरीची आयुध निर्माणी आणि हिंगण्याची एमआयडीसी. यात वावर शोधायचं म्हणजे बरंच हिंडावं लागेल.

2011च्या जनगणनेत वाडीची नोंद 'जनगणना शहर' अशी झाली. त्यासाठी वस्ती किमान 5 हजारांची लागते, चौरस किलोमीटरमागे निदान 400 माणसं लागतात आणि मुख्य काम करणाऱ्या पुरुषांपैकी 75 टक्के शेतीबाहेर असावे लागतात. वाडी या अटींत सहज बसली. कारभार मात्र तेव्हा ग्रामपंचायतीकडेच होता. मोजताना शहर, आणि नाली तुंबली की सरपंचाकडे जायचं! नगरपरिषद आली ती त्यानंतर. माझ्या मते ती फार उशिरा आली, कारण तोवर घरं आधी उभी राहिली आणि रस्ते मागून आखले गेले.

याच्या अगदी उलट प्रकार आपल्याच विदर्भात आहे. रिठी गावं आपण ऐकून असतो. सातबारावर नाव आहे, शीव आहे, शेतं पेरली जातात, पण राहतं घर एकही नाही. कुठं पटकी-प्लेगनं गाव उठलं, कुठं दुष्काळानं. 1896 ते 1900 या काळातल्या दुष्काळांनी मध्य प्रांताला असं झोडपलं, की 1901च्या शिरगणतीत प्रांताची लोकसंख्या आधीपेक्षा घटलेली निघाली. महाराष्ट्रात 2011 साली सुमारे 43 हजार 600 गावं नोंदली गेली. त्यांतल्या जवळजवळ 2 हजार 700 गावांत वस्तीच नव्हती. माणूस नसला तरी गाव मोजलं जातं, हे तलाठ्याला विचारा, तो हसून सांगेल.

गाव ओस पडतं ते रोगराईनं-दुष्काळानंच असं नाही; तुर्कस्तानच्या आग्नेय डोंगरांतली कुर्द खेडी 1990च्या दशकात लष्कर आणि बंडखोरांच्या लढाईत अशीच ओस पडली. तिथं मोजणीत भाषेचाही प्रश्न आहे: मातृभाषेचे आकडे शेवटचे छापले गेले ते 1965च्या जनगणनेचे. त्यामुळे एखाद्या खेड्यात माणसं किती ते कळतं, त्यांतली कुर्द किती ते सरकारी तक्त्यात सापडत नाही. आपल्याकडे प्रगणक मातृभाषा विचारतो आणि तुम्ही सांगाल तीच लिहितो. वाडीसारख्या ठिकाणी, जिथं एकाच चाळीत मराठी, हिंदी, भोजपुरी आणि पंजाबी ऐकू येते, तिथं हा रकाना वाचण्यासारखा असतो.

2021ची जनगणना कोरोनात राहून गेली. म्हणून वॉर्ड आखताना, जागा राखीव ठेवताना आजवर 2011चाच आकडा धरला गेला; त्यानंतर गोदामांमागं उभ्या राहिलेल्या वस्त्या त्यात नाहीतच. पुढच्या मोजणीचा संदर्भदिन 1 मार्च 2027 आहे. प्रगणक दारात आला की वरच्या खोलीतल्या भाडेकरूंचीही नावं सांगा. 'ते आमचे नाहीत' म्हणून त्यांना परस्पर गाळू नका. नळाचं पाणी तेही भरतात.