चंदनाचा हिशेब

आयुष्यभर दुसऱ्यांसाठी राबलेल्या माणसाबद्दल आपण म्हणतो, चंदनासारखा झिजला. ज्यानं सहाणेवर खोड उगाळलंय त्यालाच ही उपमा सुचणार. झाड म्हणून मात्र चंदन एवढं निःस्वार्थी नाही, श्रोतेहो. त्याची मुळं शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटतात आणि त्यांच्यातलं पाणी, क्षार ओढून घेतात. म्हणून तर रोपवाटिकेत चंदनाच्या पिशवीत सोबतीला तुरीसारखं एखादं रोप लावतात.

वास असतो तो फक्त गाभ्याला. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला वासच नाही. हा गाभा धरायलाच दहाएक वर्षं जातात आणि तो तेलानं चांगला भरायला तीस. मुळांत तेल भरपूर, त्यामुळे चंदन नुसतं तोडत नाहीत, मुळासकट खणून काढतात.

या तेलाची खरी किंमत मला कनौजला कळली. उत्तर प्रदेशातल्या या गावात अजूनही तांब्याच्या देगेत फुलं आणि पाणी घालून, झाकण मातीनं लिंपून, खाली जाळ करतात. वाफ बांबूच्या नळीतून दुसऱ्या भांड्यात उतरते. त्या भांड्याचं नाव भपका. (आपल्याकडे भपका म्हटलं की वेगळंच डोळ्यांसमोर येतं!) तो पाण्याच्या हौदात बुडवलेला असतो आणि त्यात आधीपासून चंदनाचं तेल असतं. गुलाब, मोगरा, केवडा, इतकंच काय, भाजलेल्या मातीचा वाससुद्धा या तेलात उतरतो. पाणी खाली राहतं, ते काढून टाकतात.

चंदनच का? मी रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून सांगतो. या तेलातला मुख्य घटक सँटॅलॉल. त्याचा उत्कलनबिंदू ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे तो अगदी सावकाश उडतो. फुलांचे चंचल गंध तो धरून ठेवतो. शिवाय त्याचा स्वतःचा वास मृदू, फुलाच्या अंगावर न येणारा. दुसरं एवढं समजूतदार तेल मला माहीत नाही.

आज मात्र अनेक भपक्यांत चंदनाचं तेल नसतं. त्याचा किलोचा भाव लाखाच्या पुढे गेला आणि त्याच्या जागी लिक्विड पॅरॅफिन किंवा डीओपी आलं. डीओपी म्हणजे प्लॅस्टिक मऊ करायला वापरतात ते द्रव्य. त्याला वास नाही, ते स्वस्त आहे. बाटलीवर नाव मात्र अत्तराचंच.

चंदन इतकं महाग का झालं? चोरी आणि रोग आहेतच. स्पाइक रोगानं १८९९ पासून कोडगूकडची झाडं वाळवली. पण माझ्या मते मोठं कारण कायद्यात आहे. टिपू सुलताननं १७९२ मध्ये चंदनाला राजवृक्ष ठरवलं. पुढे म्हैसूरच्या राजांनी आणि मग सरकारनंही तोच हक्क चालवला. झाड शेतकऱ्याच्या बांधावर, मालकी सरकारची. चोरीला गेलं तर चौकशी शेतकऱ्याची. मग पक्ष्यांनी टाकलेल्या बीचं रोप बांधावर दिसलं, की शहाणा शेतकरी ते गुपचूप उपटून टाकी. त्याला दोष कसा द्यायचा?

कर्नाटकानं २००१ मध्ये आणि तमिळनाडूनं २००२ मध्ये मालकी शेतकऱ्याला दिली. तोवर पश्चिम ऑस्ट्रेलियात आपल्याच चंदनाचे मळे उभे राहू लागले होते.

हल्ली महाराष्ट्रातले शेतकरीही चंदन लावतात आणि मला विचारतात, "सर, बारा वर्षांत पैसे होतील का?" रोपं विकणारे हो म्हणतात. मी म्हणतो, बारा वर्षांत गाभा जेमतेम दिसेल आणि तोवर चोरालाही पत्ता लागलेला असेल. कुंपणाचा आणि राखणीचा खर्च आधी मांडा, मग खड्डे खणा.