जुन्या जीपचा सायलेन्सर घरी बदलताना
(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘कृषिविद्या विभाग’ असे छापले आहे आणि खाली विषय आहे जीपचा सायलेन्सर. तेव्हा प्रथमच सांगतो की, मी मेकॅनिक नाही. परंतु खत, बियाणे, औषधे, क्रेटमधला माल आणि घरची माणसे ज्या वाहनातून जातात, त्या वाहनाकडे आपण फवारणी पंपाइतकेही लक्ष देत नाही. पंपाचा वॉशर गेला की त्याच दिवशी बदलतो. सायलेन्सर फुटला, तर ‘आवाज थोडा वाढलाय’ म्हणून दोन हंगाम काढतो. आमच्या घरीही नेमके हेच झाले.

आमची शेती जुन्नर तालुक्याच्या पश्चिम भागात, डोंगराच्या पायथ्याशी आहे. वडिलांची जीप सीजे-३बी बांधणीची, डिझेल इंजिनाची. ही बांधणी अमेरिकेत १९५३ ते १९६८ या काळात निघाली आणि आपल्याकडे महिंद्रने ती त्यानंतरही कित्येक वर्षे चालू ठेवली. त्यामुळे अशा जीप अजूनही वाड्यावस्त्यांवर दिसतात. टोमॅटोच्या हंगामात आमची जीप रोज नारायणगावच्या बाजारात जायची. येताना रिकामे क्रेट, कधी खताच्या गोण्या आणि पाठीमागे बसलेली आई. पावसाळ्यात बाजूचे पडदे बांधलेले असत. घरी पोहोचेपर्यंत आईचे डोके दुखायचे, मळमळायचे. आम्ही सर्व म्हणायचो, आईला गाडी लागते. दोन वर्षे आम्ही तिला लिंबू हुंगायला देत होतो!

पुढे एका दिवाळीच्या सुट्टीत मी जीपखाली गेलो. सायलेन्सरच्या वरच्या बाजूला, म्हणजे खालून वाकून पाहिले तर दिसणारच नाही अशा ठिकाणी, तळहाताएवढे भोक पडले होते. त्याच्या बरोबर वर जीपचा पत्रा आणि त्या पत्र्यावर मागची बाकडी.

आता यातले शास्त्र थोडक्यात पाहू. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो, म्हणून थोडा वायूही त्रास देतो. पेट्रोलच्या मानाने डिझेल इंजिनात तो कमी तयार होतो हे खरे, पण शून्य नव्हे. त्याशिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला आहे. आणखी एक गोष्ट आपल्या अनुभवाची आहे, पण अर्थ आपण लावत नाही. जीप पळू लागली की तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि मागची धूळ आत ओढली जाते. धूळ येते त्याच वाटेने धूरही येतो. बाजूचे पडदे बंद आणि मागचा तेवढा उघडा, ही सर्वात वाईट स्थिती होय. पावसात आपण नेमके तेच करतो.

सायलेन्सर बदलल्यावर आईचा त्रास थांबला. शेजारी तुलनेसाठी दुसरा प्लॉट नव्हता, तेव्हा मी याला प्रयोग म्हणणार नाही. पण आमच्या घरात आता ‘आईला गाडी लागते’ असे कोणी म्हणत नाही.

हा सायलेन्सर सडतो कशामुळे? आपण चिखलाला दोष देतो, पण बरेचसे गंजणे आतून होते. एक लिटर डिझेल जळले की सुमारे एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. लांबच्या प्रवासात सायलेन्सर तापून ती वाफ बाहेर पडते. घरापासून मळ्यापर्यंत आणि मळ्यापासून डेअरीपर्यंत, अशा छोट्या फेऱ्यांत तो पुरेसा तापतच नाही आणि पाणी आतच साचते. मी जुना सायलेन्सर हॅकसॉने उभा कापून पाहिला. खालच्या भागात काजळी आणि गंजाचा ओला लगदा होता, मशागतीला आलेल्या काळ्या रानासारखा. बाहेरून भर घालतात ती आपली खते. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असते आणि क्लोराइड लोखंडाचा शत्रू. फाटक्या गोणीतून सांडलेले खत पत्र्याच्या फटीतून खाली झिरपते. खत वाहून आणल्यावर जीप खालून साध्या पाण्याने धुवावी, एवढे जरी केले तरी आयुष्य वाढते.

दोष ओळखण्याची रीत सोपी आहे. इंजिन पूर्ण थंड असताना जीप मोकळ्या जागेत उभी करून सुरू करावी. दुसऱ्या माणसाने जाड ओल्या फडक्याचा बोळा टेलपाइपच्या तोंडावर काही सेकंदच धरावा. गळती असेल तेथे ‘फुस्स’ असा आवाज येतो. सांध्यावर साबणाचे पाणी टाकले तर बुडबुडे दिसतात. डिझेल गाडीत तर सांध्याभोवतीचा काळा पट्टाच सांगतो. हे काम गोठ्यात किंवा बंद शेडमध्ये कदापि करू नये.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. येथे मला माझी चूक सांगितली पाहिजे.

मी जीपचे मागचे एक चाक जॅकने उचलले. हँडब्रेक ओढला होता, गाडी गिअरमध्ये होती. अंगण जवळजवळ सपाट, थोडासा उतार गोठ्याकडे. चाकाला दगड लावायचा राहिला. मी आणि माझा चुलतभाऊ दोघेही खाली होतो. चौदाचा पाना हवा म्हणून तो बाहेर आला, त्याला सापडेना म्हणून मीही आलो. तेवढ्यात जीप सावकाश, काहीही आवाज न करता पुढे सरकली, जॅक आडवा झाला आणि मागचा भाग खाली बसला. ती थांबली गोठ्याच्या खांबाला टेकून. आम्ही दोघे पाना हातात घेऊन नुसते बघत राहिलो. त्या दिवशी पुढे काम केले नाही.

हँडब्रेक असताना जीप सरकली कशी, हे मला नंतर गॅरेजमधल्या एका जुन्या मिस्त्रींनी जमिनीवर रेघोट्या मारून समजावले. या जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्स्फर केसच्या मागे, प्रोपेलर शाफ्टवर असतो. शाफ्ट थांबला तरी डिफरन्शियलमुळे मागच्या दोन चाकांना एकमेकांच्या उलट दिशेने फिरता येते. दोन्ही चाके जमिनीवर असतील तर हे होत नाही. एक चाक हवेत गेले की ते उलटे फिरते आणि जमिनीवरचे चाक खुशाल पुढे जाते. गिअर टाकून ठेवण्याचाही उपयोग नाही, कारण गिअरही त्याच शाफ्टला धरतो. ट्रान्स्फरची दांडी न्यूट्रलला राहिली असेल तर गिअर तर नावालाच. ट्रॅक्टर आणि मोटार दोन्ही उत्तम चालवणारे आपल्यापैकी कितीतरी जण ही गोष्ट जाणत नसतील. मीही जाणत नव्हतो. म्हणून मागचे चाक उचलण्याची वेळ आलीच, तर फोर व्हील गुंतवावे, पुढच्या चाकांचे हब लॉक असतील तर तेही लावावेत आणि तरीसुद्धा जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचर लावावी. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. चेसिसखाली लोखंडी घोड्या लावाव्यात, जमीन मऊ असल्यास त्याखाली जाड फळी टाकावी. विटा किंवा पोकळ सिमेंटचे ब्लॉक वापरू नयेत. ते आधी काही न सांगता फुटतात.

पण खरी गंमत पुढेच आहे. सायलेन्सर बदलायला जीप उचलावीच लागत नाही! ही वाहने मुळातच उंच असतात. दुसऱ्या खेपेस मी जीप घट्ट, सपाट जागी चारही चाकांवर उभी केली, चाकांना पाचरी लावल्या, खाली जुनी ताडपत्री अंथरली आणि सगळे काम आडवे पडून केले. मोटारीच्या पुस्तकात चित्र असते म्हणून आपण जॅक लावतो.

कामाची सुरुवात आदल्या रात्री करावी. इंजिन थंड झाल्यावर सर्व नटांवर गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. सकाळी पुन्हा मारावे. बॅटरीची वायर काढावी. डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण गंजाची पापडी सरळ डोळ्यांत पडते. फवारणीचा चष्मा चालतो. नट सोडवताना प्रथम किंचित आवळून मग सोडवावा, म्हणजे गंज तुटतो. क्लॅम्पचे नट हटले नाहीत तर वेळ घालवू नये, हॅकसॉने कापून टाकावेत, नवे क्लॅम्प घ्यायचेच आहेत. मॅनिफोल्डच्या स्टडच्या बाबतीत मात्र उलट धोरण. तेथे जोर करू नये. स्टड आत तुटला, तर शंभराचे काम हजारात जाते. तेल, वाट पाहणे, पुन्हा तेल. दोन दिवस लागले तरी लागू द्यावेत. तेथे नवे नट पितळी वापरावेत, ते पुढच्या वेळी सहज सुटतात.

गॅस किंवा वेल्डिंगने कापण्याचा मोह टाळावा. आमच्या जीपची डिझेल टाकी चालकाच्या सीटखालीच आहे. तुमची कोठे आहे ते आधी पाहा.

जुना सायलेन्सर भंगारात देण्यापूर्वी बाजारात बरोबर न्यावा. पाइपचा व्यास, लांबी आणि वाकण जुळले पाहिजे. दुकानदार ‘चालून जाईल’ म्हणून बारीक पाइप देतात. त्याने धूर अडतो, इंजिन तापते आणि डिझेल जास्त जाते. याउलट सायलेन्सर काढून सरळ पाइप टाकला की जीप जास्त ओढते, असे गावोगाव सांगतात. घाटात क्रेट भरून चढताना आमच्या जीपला तरी असा फरक मला कधी जाणवला नाही, फक्त आवाज वाढतो. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ प्रमाणे सायलेन्सर बंधनकारक आहे, तो ट्रॅक्टरलाही आहे.

बसवताना इंजिनाकडून मागे यावे. गॅसकेट नवीनच घालावे; जुने पुन्हा लावणे म्हणजे बियाणे म्हणून बाजारातले धान्य पेरण्यासारखे आहे. दोन्ही फ्लँजचे तोंड तारेच्या ब्रशने साफ करावे. आट्यांना उष्णता सहन करणारे तांब्याचे ग्रीस लावावे. सर्व सांधे आधी सैल जोडावेत आणि मग खालून बघत पाइप फिरवावा. डिझेलच्या नळीपासून किमान ३५ मि.मी. अंतर हा नियमच आहे, मी त्याच्या दुप्पट ठेवतो. ब्रेकची नळी, प्रोपेलर शाफ्ट आणि पत्रा यांनाही पाइप लागता कामा नये. येथे जीप चाकांवर उभी असण्याचा आणखी एक फायदा कळतो. चेसिस उचलली की पाटे सैल होऊन मागचा ॲक्सल खाली लोंबतो आणि पाइपजवळ भरपूर जागा दिसते. गाडी खाली घेतली, वर दहा क्रेट ठेवले आणि खड्ड्यात चाक गेले की तीच जागा नाहीशी होते. मग ठक् ठक् आवाज सुरू होतो. म्हणून शेवटचे आवळणे वजन चाकांवर असतानाच करावे.

टांगण्यासाठी रबरच हवे, कारण इंजिन आपल्या माउंटिंगवर हलते आणि तारेने करकचून बांधलेला पाइप दोन महिन्यांत चिरतो. बाजारातले रबर मिळाले नाही तर पट्ट्याचा, आत कापड असलेला तुकडा चांगला टिकतो. टेलपाइपचे तोंड टपाच्या बाहेर, मागच्या बाजूला काढावे. खाली जमिनीकडे ठेवू नये. गव्हाच्या काडात किंवा उसाच्या पाचटात जीप उभी करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे. सायलेन्सरवर अडकलेले वाळलेले गवत तर दर आठवड्याला काढावे.

प्रथम सुरू केल्यावर नव्या रंगाचा आणि ग्रीसचा धूर निघतो, त्याने घाबरू नये. दहा-पंधरा मिनिटांत तो थांबतो. फडक्याची तपासणी मात्र पुन्हा करण्यासाठी इंजिन थंड होऊ द्यावे. पन्नास किलोमीटर झाल्यावर सर्व नट एकदा पुन्हा आवळावेत. मी हे नारायणगावहून परत आल्यावर, क्रेट उतरवून झाल्यावर केले. दोन नट चक्क अर्धा आटा फिरले.