संकेतस्थळ कोणासाठी?

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



संकेतस्थळाची रचना हा संगणकवाल्यांचा विषय, आपला नाही, असे आपल्यापैकी अनेकींना वाटते. मग ते काम ओळखीच्या एखाद्या मुलाकडे जाते. आपण त्याला अध्यक्षांचे मनोगत, मोर्चाचे फोटो आणि वार्षिक अहवाल देतो. देणगीदार ते पाहून खूश होतात. पण मार खाल्लेली बाई रात्री अकरा वाजता तेच पान उघडते, तेव्हा तिच्या हाती काय लागते?

ती ते कशावर उघडते, हेही पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या ५४ टक्के स्त्रियांकडे स्वतः वापरायचा मोबाइल होता. इंटरनेट कधी तरी वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के, तर पुरुष ५७ टक्के होते. म्हणजे अनेकींच्या हातातला मोबाइल नवऱ्याचा, मुलाचा किंवा शेजारणीचा असतो. वेळ थोडा, पडदा लहान आणि मनात धाक. रचनेची सगळी तत्त्वे इथूनच सुरू होतात.

पहिले, फोन नंबर सर्वांत वर हवा. तो चित्रात नको. बोट लावताच फोन लागेल अशा अक्षरांत हवा. आपले केंद्र कोणत्या वेळात उघडे असते तेही तिथेच लिहावे. बाकीच्या वेळेसाठी खाली १८१ ही महिला हेल्पलाइन आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ द्यावा.

दुसरे, पानावरचे विभाग आपल्या कामाप्रमाणे पाडू नयेत, तिच्या प्रश्नांप्रमाणे पाडावेत. ‘विधी साहाय्य कक्ष’ या शब्दांत तिला आपली अडचण दिसत नाही. ‘घरातून हाकलले आहे का?’ यात दिसते. त्याखाली दोन वाक्ये पुरतात : घर कोणाच्याही नावावर असो, लग्नानंतर तू ज्या घरात राहिलीस तिथे राहण्याचा हक्क तुला कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या २००५ च्या कायद्याने दिला आहे. वकिलाला द्यायला पैसे नसले तरी अडू नकोस. १९८७ च्या कायद्यानुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो.

तिसरे, मजकूर खरोखर मजकूर असावा. आपण सुंदर पोस्टर करतो आणि त्याचे चित्र पानावर चिकटवतो. अंध स्त्रीच्या मोबाइलमधला वाचक-आवाज त्या चित्रातली अक्षरे सहसा वाचू शकत नाही, शोध घेतला तर ती सापडतीलच असे नाही आणि कमी रेंजमध्ये चित्र उतरतच नाही. जुन्या फॉन्टमधला मराठी मजकूर तर अनेकदा निरर्थक चिन्हे होऊन उमटतो. म्हणून युनिकोडमधली मोठी, ठळक अक्षरे आणि कमीत कमी चित्रे.

चौथा मुद्दा सुरक्षिततेचा. इथे चूक झाली तर तिची किंमत ती बाई मोजते. ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळांसाठीच्या रचनासंचात ‘हे पान सोडा’ असे एक बटण आहे. ते दाबताच हवामानाचे पान उघडते. आपणही असे बटण ठेवावे. पण त्याने मोबाइलमधली पाहिलेल्या पानांची नोंद पुसली जात नाही, हे त्याच्या शेजारीच स्पष्ट लिहावे. ती नोंद कशी काढायची तेही सांगावे. सगळीच नोंद पुसली तर संशय येतो, म्हणून आपल्यापुरतीच काढायला सांगावे. अर्जात नाव-पत्ता सक्तीचा नको. ‘कोणत्या नंबरवर, किती वाजता फोन केलेला चालेल?’ हे मात्र जरूर विचारावे. नाही तर आपला फोन नवराच उचलेल. आणि यशोगाथा? नाव बदलले तरी गाव, नवऱ्याचा धंदा आणि मुलांची संख्या यांवरून बाई ओळखू येते. अंकाच्या प्रती संपतात. संकेतस्थळावरचे मात्र सासरच्या कोणालाही, कधीही सापडते.

शेवटचे, पान तयार झाले की आपणच आपली पाठ थोपटू नये. जेकब नील्सन या रचनातज्ज्ञाने २००० साली मांडले होते की पाच जणांना वापरायला दिले तरी बहुतेक दोष उघड होतात. वस्तीतल्या पाच जणींना बोलवा. त्यांचाच मोबाइल द्या आणि ‘पोटगीची माहिती शोधा’ एवढेच सांगा. मध्ये बोलू नका. बोट जिथे अडते तिथे पान नापास झाले, बाई नव्हे. शिवाय दर तीन महिन्यांनी पानावरचा प्रत्येक नंबर स्वतः फिरवून पाहण्याची जबाबदारी एकीवर टाका.

संकेतस्थळ झाले म्हणून अंगणवाडीच्या भिंतीवरचा आणि रेशन दुकानातला आपला कागद काढायचा नाही. जिला वाचता येत नाही, जिच्या हाती मोबाइलच नाही, तिच्यापर्यंत आपल्यालाच चालत जायचे आहे. पण जी रात्री एकटीच शोधते आहे, तिला अध्यक्षांच्या मनोगतातून वाट काढायला लावू नका. आपापल्या गावी पोचलात की आधी ते मनोगत खाली न्या आणि नंबर वर आणा.