घंटा आणि दिवेलागण



शाळा सुटल्याची घंटा आणि दिवेलागण यांच्या दरम्यान दोन-तीन तासांचा जो काळ असतो, तो कोणाच्या ताब्यात असावा, हा प्रश्न पूर्वी कोणाच्या मनात येत नसे. घरी आजी असे, आळीत वडील मुले असत, मठाच्या किंवा देवळाच्या ओसरीवर कोणी ना कोणी वृद्ध बसलेला असे. दिवा लागला म्हणजे हातपाय धुऊन मुले शुभंकरोती म्हणत आणि मग पाढे, पावकी, निमकी यांचा परवचा सुरू होई. त्या परवच्याला कोणी शैक्षणिक कार्यक्रम म्हटले नाही आणि त्याचे अंदाजपत्रकही कधी कोणी मांडले नाही. परंतु ज्या गावात आई आणि बाप दोघेही संध्याकाळपर्यंत कामावर असतात, आजी दूरच्या गावी राहते आणि आळी म्हणजे मोटारींचा रस्ता असतो, तेथे हेच दोन-तीन तास विकत घ्यावे लागतात. आणि जी वस्तू विकत घ्यावयाची, तिचा खर्च टंचाईच्या वर्षी प्रथम कापला जातो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत या तासांचा झगडा सव्वाशे वर्षांहून अधिक काळ चालला आहे. मठाच्या उत्सवप्रसंगी त्या दूरच्या देशाची हकीकत कशासाठी, असे कोणास वाटेल. पण तिच्या आरंभाच्या काळातील एक संस्था मठाशी बरेच साम्य असलेली होती, आणि तिचे पुढे काय झाले हे दानावर चालणाऱ्या कोणत्याही संस्थेच्या भक्तांनी ऐकण्यासारखे आहे.

१८८९ साली शिकागो शहरात जेन ॲडम्स आणि त्यांच्या मैत्रीण एलन गेट्स स्टार या दोघींनी हॅल्स्टेड रस्त्यावरील एका जुन्या वाड्यात ‘हल हाऊस’ नावाचे सेवागृह उघडले. भोवती इटली, जर्मनी, बोहेमिया, रशिया अशा देशांतून पोटासाठी आलेल्या मजुरांची दाट वस्ती होती. आयाबाप कारखान्यात आणि मुले रस्त्यावर, अशी तेथील स्थिती. या बायका वस्तीतच राहावयास गेल्या. त्यांनी लहानांसाठी बालवर्ग काढला, मोठ्यांसाठी मंडळे काढली, खेळावयास अंगण केले, गाण्याची आणि हस्तकलेची सोय केली. आरंभीचा पैसा बाईंच्या वडिलोपार्जित मिळकतीचा आणि शहरातील सधन स्त्रियांनी दिलेला होता. १९३१ साली बाईंना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले, एवढी त्यांची कीर्ती झाली. कालांतराने संस्थेचा व्याप वाढला आणि देणग्यांच्या जागी सरकारी कामांचे करार आले. अखेरीअखेरीस तर संस्थेच्या उत्पन्नाचा फार मोठा भाग सरकारकडूनच येत असे. पुढे मंदी आली, सरकारी पैसा आटला, देणग्यांची जुनी सवय तर केव्हाच मोडली होती. जानेवारी २०१२ मध्ये, १२२ वर्षांच्या सेवेनंतर, ती संस्था बंद पडली. मूळ वाडा उभा आहे, पण त्यात संग्रहालय आहे.

दानावर चालणारे काम असे बुडाले, तर मग सरकारी शाळेनेच संध्याकाळ सांभाळावी, हे म्हणणे साहजिक आहे. येथे एक खुलासा अवश्य आहे. अमेरिकेत ‘पब्लिक स्कूल’ म्हणजे करांच्या पैशावर चालणारी, सर्वांना मोफत असलेली शाळा. हिंदुस्थानात त्या नावाने ज्या महागड्या निवासी शाळा ओळखल्या गेल्या, त्यांच्याशी तिचा काही संबंध नाही. त्या शाळांचा खर्च मुख्यतः गावाचा स्थावर मिळकतीवरील कर आणि घटकराज्याची तिजोरी यांतून भागतो. मध्यवर्ती सरकारचा वाटा सामान्यतः दहाव्या हिश्शाच्या आसपासच असतो. म्हणजे घरांच्या किमतीवर शाळेचे भवितव्य टांगलेले. आणि घरमालक करावर चिडला, की त्याचा पहिला फटका शाळेला.

कॅलिफोर्निया राज्यात हे १९७८ च्या जूनमध्ये घडले. घरांच्या किमती भराभर वाढल्या, त्याबरोबर कर वाढला, आणि निवृत्त माणसांस स्वतःचे घर राखणे कठीण झाले. त्यांची तक्रार खोटी नव्हती, हे न्यायाने म्हटले पाहिजे. हॉवर्ड जार्व्हिस या गृहस्थांनी पुढाकार घेतलेला ‘तेरावा प्रस्ताव’ मतदारांनी मोठ्या बहुमताने मान्य केला. त्यानुसार कर मिळकतीच्या किमतीच्या एक टक्क्यावर बांधला गेला, आणि घर विकले जाईपर्यंत त्या किमतीत वर्षाला दोन टक्क्यांहून अधिक वाढ धरावयाची नाही, असे ठरले. मिळकतकराचे उत्पन्न एका फटक्यात निम्म्याहून अधिक घटले. राज्याने आपल्या तिजोरीतून शाळांना हात दिला खरा, पण उन्हाळी वर्ग त्याच वर्षी ठिकठिकाणी बंद झाले. पुढेही कपातीची वेळ आली की ग्रंथपाल, संगीतशिक्षक आणि शाळेनंतरचे वर्ग यांकडेच हात वळत. याचे कारण समजण्यासारखे आहे. गणिताचा वर्ग बंद करणे कोणत्याही शाळाखात्यास शक्य नसते. संध्याकाळचा वर्ग मात्र ‘असला तर बरा’ या सदरात पडतो. पण ज्या मुलाच्या घरी साडेसहापर्यंत कुलूप आहे, त्याला हे सदर लागू पडत नाही. अमेरिकेतील पोलिसांच्या नोंदी पाहिल्या तर शाळेच्या दिवशी मुलांच्या हातून होणारे हिंसक गुन्हे दुपारी तीनच्या सुमारास सर्वांत अधिक आढळतात. ज्या घटकेला घंटा होते तीच ती घटका.

१९८८ साली लॉस एंजेलिसचे महापौर टॉम ब्रॅडली यांनी नगरपालिका, शाळाखाते आणि खाजगी दाते यांना एकत्र आणून गरीब वस्त्यांतील प्राथमिक शाळांत असे वर्ग सुरू केले. पण संबंध राज्याची व्यवस्था व्हावयास २००२ साल उजाडले. त्या वर्षी ‘एकोणपन्नासावा प्रस्ताव’ मतास टाकला गेला. त्याचा पुरस्कर्ता होता अर्नोल्ड श्वार्झनेगर, जो तोवर केवळ चित्रपटांतील बलदंड नट म्हणून ठाऊक होता आणि पुढच्याच वर्षी राज्यपाल झाला. प्रस्तावाचा आशय असा, की शाळेनंतरच्या वर्गांसाठी दरसाल ५५ कोटी डॉलरपर्यंत रक्कम राखून ठेवावी आणि मतदारांना विचारल्यावाचून विधिमंडळाने तीत हात घालू नये. कित्येक विचारी लोकांनी यास विरोध केला. एकेका कामासाठी असा पैसा बांधून ठेवला, तर आपत्काली राज्याचे हातच बांधले जातील, असे त्यांचे म्हणणे होते. ते चुकीचे नव्हते. तरी प्रस्ताव मान्य झाला आणि २००६-०७ पासून पूर्ण रक्कम मिळू लागली.

नियमही स्वच्छ होते. ज्या दिवशी शाळा, त्या दिवशी शाळा सुटल्यापासून संध्याकाळी सहापर्यंत वर्ग उघडा असावा, वीस मुलांमागे एक माणूस असावा, मुलांच्या हाती काही खाऊ पडावा, आणि अभ्यासाबरोबर खेळ किंवा कला असावी.

दोन वर्षांत मंदी आली. कॅलिफोर्नियात शिक्षकांना कामावरून कमी करण्यात आले, वर्गांतील संख्या फुगली, लॉस एंजेलिसमध्ये तर शाळेचे दिवसही तोडावे लागले. दूर हवाई राज्यात त्याच सुमारास, २००९-१० मध्ये, १७ शुक्रवार शाळा बंद ठेवण्याचे ठरले. नोकरीवर जाणाऱ्या आयाबापांची त्या शुक्रवारी काय त्रेधा उडाली असेल, ते सांगावयास नको. त्यांनी राज्यपालांच्या कचेरीत ठाण मांडले. या सर्व कपातीत कॅलिफोर्नियातील संध्याकाळचे वर्ग मात्र टिकले. अनेक कामांचे राखीव पैसे २००९ साली मोकळे करून शाळाखात्यांना हवे तसे खर्च करू देण्यात आले, पण या ५५ कोटींस हात लावता आला नाही. सकाळ कापली गेली आणि संध्याकाळ वाचली, असा विलक्षण प्रकार झाला.

मग सर्व ठीक झाले, असे म्हणता आले असते. पण येथे एक गोष्ट निघाली, जी कोणत्याही देवस्थानाच्या विश्वस्तांस ऐकताच उमगेल. पणजोबांनी नंदादीपासाठी शंभर रुपये कायम ठेव म्हणून दिलेले असतात. त्या काळी त्यांच्या व्याजात वर्षभराचे तेल येई. ठेव आजही वहीत जशीच्या तशी आहे, एक पै कमी झालेली नाही, कोणी अफरातफर केलेली नाही, आणि त्या व्याजात तेल मात्र एका दिवसाचेही येत नाही. कॅलिफोर्नियाच्या ५५ कोटींचे तेच झाले. दर मुलामागे दिवसाला साडेसात डॉलर असा दर ठरला होता. २००७ साली राज्यातील मजुरीचा किमान दर तासाला साडेसात डॉलरच होता, म्हणजे एका मुलाच्या दिवसाच्या अनुदानातून सांभाळणाऱ्याची एक तासाची मजुरी निघे. जानेवारी २०१७ मध्ये मोठ्या संस्थांसाठी तीच मजुरी साडेदहा डॉलर झाली आणि अनुदान साडेसातच राहिले. संस्थांनी मुलांची संख्या राखण्यासाठी कोठे चित्रकलेचा शिक्षक कमी केला, कोठे स्वतः वर्गणी फिरवली. अखेर २०१७ च्या अंदाजपत्रकात ५ कोटी डॉलरची भर पडून दर ८ डॉलर १९ सेंट झाला. पुढे २०२१ नंतर राज्याने याहून कितीतरी मोठी दुसरी योजना जोडली, हे नमूद करणे योग्य होईल. परंतु कायद्याने पक्के केलेले दानही दहा वर्षांत कसे झिजते, ते या साडेसात डॉलरांत दिसते.

मध्यवर्ती सरकारच्या मदतीची कथा निराळी आहे. तेथे झीज नाही, टांगती तलवार आहे. १९९४ च्या कायद्याने सुरू झालेली ही मदत १९९८ मध्ये ४ कोटी डॉलर होती, आणि २००२ मध्ये ती १०० कोटींवर गेली. लगेच दुसऱ्या वर्षी सरकारने नेमलेल्या अभ्यासकांचा अहवाल आला, की या वर्गांमुळे मुलांच्या अभ्यासात म्हणण्यासारखी सुधारणा दिसत नाही. त्या आधारे मदत ६० कोटींवर आणण्याची सूचना झाली. काँग्रेसने ती मानली नाही. २०१७ साली सर्वच मदत, सुमारे १२० कोटी डॉलर, बंद करावी अशी सूचना आली, आणि तीही काँग्रेसने मानली नाही. पुराव्याचा प्रश्न टाळण्यात मात्र अर्थ नाही. त्या अहवालात असेही दिसले होते, की पुष्कळ मुले आठवड्यातून दोन-तीन दिवसच येत. जो औषध अर्धेच घेतो त्याच्या प्रकृतीवरून औषधाची परीक्षा कशी करावी? शिवाय प्राथमिक शाळेतील मुलांना त्या वर्गांमुळे दुपारी अधिक सुरक्षित वाटे, हेही त्याच अभ्यासकांनी लिहून ठेवले आहे. पुढे २०१० साली अनेक अभ्यास एकत्र तपासणारा एक निबंध प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले, की ज्या वर्गांत काय शिकवावयाचे याची आखणी होती आणि मुलांकडून प्रत्यक्ष काही करून घेतले जाई, तेथे मुलांचा अभ्यास आणि वागणूक दोन्ही सुधारली. केवळ कोंडून ठेवलेल्या वर्गांत तसे झाले नाही. परवच्याला बसलेल्या मुलाकडून पाढा म्हणवून घेतला जाई, नुसते बसवून ठेवले जात नसे.

२०२० साली तेथील एका मोठ्या पाहणीत असे दिसले, की ७८ लाख मुले अशा वर्गांत जात होती, आणि आणखी २ कोटी ४६ लाख मुलांच्या आईबापांनी, वर्ग मिळाला तर मुलाला घालू, असे सांगितले होते. एक मूल आत, तर तीन बाहेर. त्यांतील ज्या १४ लाखांच्या आसपास मुलांची सोय मध्यवर्ती मदतीतून होते, त्यांचा पैसा २०२५ च्या १ जुलैला राज्यांच्या हाती पडावयाचा होता. आदल्या दिवशी राज्यांना कळविण्यात आले, की तूर्त तो मिळणार नाही, फेरतपासणी चालू आहे. ही रक्कम सुमारे १३० कोटी डॉलर होती. संस्थांनी माणसे नेमणे थांबवले. सत्तारूढ पक्षातील काही सेनेटरांनीही लेखी हरकत घेतली. १८ जुलैला पैसे सोडल्याचे जाहीर झाले. दक्षिणेकडील अनेक गावांत शाळेची घंटा वाजावयास तेव्हा दोन-तीन आठवडेच उरले होते.