बाळासकट आसरा



आज ज्या विषयावर मी बोलणार आहे, तो आपल्या गावात कुणी मोठ्याने काढत नाही. माजघरात कुजबुज होते आणि कुणी आले की तीही थांबते. एखादी कोवळी पोर आई होणार असते. कधी ती कुमारिका असते, कधी लग्न होऊन टाकलेली असते, कधी नवरा वारल्यामुळे सासरहून परत आलेली असते. तिच्या पोटात जीव असतो आणि तिला टेकायला घर नसते. अशा मुलीने जायचे कुठे?

मी तीस वर्षे शाळेत शिकवले. माझे गाव ऊसतोडीच्या पट्ट्यातले. दसरा झाला की निम्मे गाव कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागते. घरी राहतात म्हातारी माणसे आणि शाळेतली पोरे. माझ्या दहावीच्या वर्गात अशीच एक मुलगी होती, सोळा वर्षांची. गणितात हुशार. आईबाप फडावर, घरी डोळ्यांनी अधू असलेली आजी. संक्रांतीच्या सुमारास एका दुपारी ती शिक्षकखोलीच्या दारात येऊन उभी राहिली. "बाई, जरा बोलायचं होतं," म्हणाली. मी सराव परीक्षेचे पेपर तपासत होते. मान वर न करता म्हटले, "उद्या ये ग."

ती उद्या आली नाही. परवाही आली नाही. नियमाप्रमाणे मी वाट पाहिली आणि मग 'सतत गैरहजर' असा शेरा मारून तिचे नाव पटावरून कमी केले. मामाकडे गेली, असे गाव म्हणाले. मीही तेच खरे मानले, कारण ते मानणे सोयीचे होते.

चार वर्षांनी जिल्ह्याच्या गावी ती मला भेटली. एका दवाखान्यात मदतनीस म्हणून काम करीत होती. कमरेला चिकटलेला एक मुलगा होता. तिने वाकून नमस्कार केला आणि मग सारे सांगितले. तिला दिवस गेले होते. घरच्यांना कळले तेव्हा मार बसला. मामाने कुठली कुठली पाळेमुळे आणून पाजली. एका रात्री ती निघाली आणि एसटीच्या स्थानकावर बसून राहिली. सकाळी चक्कर येऊन पडली, तेव्हा कुणीतरी सरकारी दवाखान्यात नेले. तिथल्या परिचारिकेने तिला बायकांच्या एका वसतिगृहात पोहोचवले.

"तिथल्या काकूंनी पहिल्यांदा काय विचारलं असेल, बाई?" ती मला म्हणाली. "विचारलं, जेवलीस का? नाव दुसऱ्या दिवशी विचारलं."

श्रोतेहो, हे वाक्य मी विसरू शकले नाही. माझ्या दारात ती आली, तेव्हा मी तिला 'बस' एवढेसुद्धा म्हटले नव्हते.

आता कुणी म्हणेल, बाई, हे नवे खूळ आहे, आपल्याकडे असे काही नव्हते. तर तसे नाही. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी, १८६३ साली, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. त्या काळी वरच्या जातींतल्या विधवांना पुनर्विवाहाची मोकळीक नव्हती. फसलेल्या विधवेला दोनच वाटा उरत: विहीर, नाहीतर बाळाचा गळा. फुल्यांनी वस्तीत भिंतींवर छापील पत्रके लावली. इथे या, सुखरूप बाळंत व्हा, मूल न्यायचे की ठेवायचे ते तुमच्या मर्जीवर, असा त्यांचा आशय होता. १८८४ साली जोतीरावांनी सरकारला लिहून कळवले, की तोवर तेथे पस्तीस विधवा येऊन बाळंत झाल्या. पण त्यांची पाचच मुले जगली. का? तर गर्भ लपवण्यासाठी आधी जी जहाल औषधे त्या घेत, त्यांनी बाळाला पोटातच इजा झालेली असे. म्हणजे आसरा होता, पण त्याच्या दारापर्यंत यायला उशीर होत होता. तो उशीर भीतीमुळे होत होता.

त्याच घरात जन्मलेल्या एका मुलाला, यशवंताला, फुले दांपत्याने दत्तक घेतले. तो पुढे डॉक्टर झाला. १८९७ साली पुण्यात प्लेग पसरला, तेव्हा सावित्रीबाई त्याच्याबरोबर रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या आणि त्यातच त्या वारल्या. ज्या बाळाला जग नको म्हणत होते, ते बाळ पुढे जगाच्या उपयोगी पडले. १८७५ साली पंढरपुरातही असेच गृह निघाले. विठोबाच्या पायाशी सोडून दिलेली पोरे तिथे वाढली. तेव्हा ही रीत परकी नव्हे. ती आपल्याच मातीतली आहे.

आता अशा घरात नेमके काय होते, ते सांगते. नुसते चार भिंती आणि दोन वेळचे जेवण म्हणजे आसरा नव्हे. कोवळ्या वयात आई होणे हे शरीराला जड जाते. रक्त कमी असते, रक्तदाब चढण्याची भीती असते, बाळ कमी वजनाचे होते. म्हणून पहिले काम तपासणीचे, लोहाच्या गोळ्यांचे आणि दवाखान्यातल्या बाळंतपणाचे. त्यानंतर सव्वा महिना. आपल्या घरी लेक बाळंत झाली की आई काय करते? अळिवाची खीर देते, अंग शेकते, रात्री बाळ रडले की स्वतः उठते, "तू नीज ग जरा" म्हणते. या मुलींना ती आई नसते. ते आईपण घरातल्या बायकांनी करायचे असते. बाळाला कसे धरावे, अंगावर कसे पाजावे, सहा महिने पाणीसुद्धा का देऊ नये, लहान बाळाला उघड्या छातीशी धरून ऊब कशी द्यावी, हे सारे हाताला धरून शिकवावे लागते. शिकवताना एक पथ्य असते. बाळ तिच्या हातून काढून घ्यायचे नाही. ती चुकत असली तरी बाळ तिच्याच मांडीवर ठेवून दाखवायचे. बाळ दुसऱ्यानेच सांभाळले, तर ती त्याची आई होतच नाही.

मग मोठा प्रश्न येतो: मूल ठेवायचे की द्यायचे? इथे कुणीही घाई करू नये. बालन्याय कायदा २०१५ सालचा आहे. मूल सांभाळणे अशक्यच असेल, तर आईला बालकल्याण समितीपुढे ते रीतसर सोपवता येते. सोपवल्यावरही फेरविचाराला दोन महिने मिळतात. तेवढ्या मुदतीत ती आपले बाळ परत मागू शकते. यात चोरी नाही, गुन्हा नाही. गुन्हा आहे तो बाळ उकिरड्यावर टाकण्यात आणि कुणी दलालाने पैसे घेऊन परस्पर देण्यात. आणि ठेवायचे ठरवले, तर बापाचे नाव नाही म्हणून अडायचे कारण नाही. अविवाहित आईने दाखला मागितला, तर बापाचे नाव सांगण्याची सक्ती न करता तो द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली सांगितले आहे.

त्या मुलीने बाळ ठेवले. दीड वर्ष ती तिथे राहिली. तिथूनच दहावीला बसली, मग रुग्णसेवेचे शिक्षण घेतले. मी विचारले, "सगळ्यात कठीण काय गेलं ग?" मला वाटले, बाळंतपण म्हणेल. ती म्हणाली, "तिथून निघणं." बरोबर आहे तिचे. घर सोडून बाहेर आले की भाड्याची खोली लागते, कामाच्या वेळी मूल ठेवायला जागा लागते, आणि "नवरा कुठं असतो?" असे विचारणारा घरमालक भेटतो. त्या वसतिगृहाने तिला काम लागल्यावरही सहा महिने खोलीचे निम्मे भाडे दिले आणि काकू दर रविवारी चक्कर टाकत. हा शेवटचा टप्पा जिथे सांभाळला जात नाही, तिथे आधीची सारी मेहनत वाया जाते, हे ध्यानात ठेवा.

हे फार थोड्यांचे दुखणे आहे, असे समजू नका. २०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले, की आपल्या महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या शंभर स्त्रियांमागे सुमारे २२ जणींचे लग्न अठरा पूर्ण होण्याआधीच झाले होते. पंधरा ते एकोणीस वयाच्या शंभर मुलींत सात-आठ जणी आई झालेल्या किंवा गर्भवती होत्या. डोक्यावर अक्षता पडल्या म्हणून सोळा वर्षांची पोर बाई होत नाही. तिलाही याच आधाराची गरज असते. फडावर कोपीत बाळंत होणारी पोर आणि माझ्या दारातून परत गेलेली पोर, दोघी सारख्याच.

मग आपण काय करायचे? शिक्षकांना मी पहिले सांगेन: हुशार मुलगी एकाएकी गप्प झाली, शाळा चुकवू लागली, तर पटावर शेरा मारण्याआधी तिच्या घरी जा. ती बोलायला आली, तर हातातले काम ठेवा. मुलगी अठराच्या आतली असेल, तर २०१२ च्या कायद्याप्रमाणे पोलिसांत कळवणे बंधनकारक आहे. पण तिचे नाव चारचौघांत न्यायचे नाही, तेही त्याच कायद्याने. मुलांसाठी १०९८ आणि स्त्रियांसाठी १८१ हे फोन आहेत. सखी केंद्रात चार-पाच दिवसांचा तातडीचा निवारा मिळतो. पुढे शक्ती सदनासारख्या घरी जाता येते. आशाताई आणि अंगणवाडीच्या सेविका यांना ही वाट ठाऊक असते, त्यांना विचारा. आणि वैदू-मांत्रिकाकडे मुळीच जाऊ देऊ नका. गर्भ ठेवायचा नसेल, तर त्यालाही कायद्याची वाट आहे, पण तिला आठवड्यांची मर्यादा आहे. म्हणून डॉक्टरकडे लवकर जाणे हेच शहाणपण.

आणि आयाबायांनो, तुम्हाला एक विनंती. अशी एखादी लेक आपल्या गल्लीत परत आली, तर तिच्या बाळाला एकदा मांडीवर घ्या. त्याला काजळाची तीट लावा. साऱ्या गावाचे तोंड आपल्याला बंद करता येणार नाही, पण आपले दार उघडे ठेवता येईल.

निघताना ती मुलगी मला म्हणाली, "बाई, तुमच्यावर राग नाही माझा. त्या दिवशी तुम्ही 'आत ये' म्हणाला असता, तरी मला बोलता आलं असतं की नाही, कुणास ठाऊक." तिने माझे ओझे हलके करायला ते म्हटले. ओझे काही हलके झाले नाही. मात्र त्या दिवसापासून मी शिक्षकखोलीत असेन, तेव्हा माझ्या टेबलाजवळ एक रिकामी खुर्ची ठेवू लागले. दारात मुलगी दिसली, की आधी तिला बसवायचे आणि मग काय ते विचारायचे.